मालकी, वस्ती आणि मत

निवडणुकीनंतर मतदानाची टक्केवारी जाहीर झाली की तिचा एक ठरलेला अर्थ लावला जातो: ग्रामीण मतदार जागरूक, शहरी मतदार उदासीन. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघाच्या आकड्यांनी या समजाला बळच दिलं. बारामती विधानसभा क्षेत्रात सुमारे 69 टक्के मतदान झालं, पुण्याला लागून असलेल्या खडकवासल्यात 52 टक्क्यांहूनही कमी, आणि लवासा हे खासगी कंपनीने डोंगरात वसवलेलं नगर ज्यात येतं त्या भोरमध्ये 60 च्या आसपास. कलही वेगळा होता. सुप्रिया सुळे दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या, पण खडकवासल्यात त्यांच्या प्रतिस्पर्धी सुनेत्रा पवार पुढे राहिल्या. वस्ती बदलली की मतदान बदलतं, हे यातून दिसतं. मात्र वस्ती आणि मतदान यांच्या मधे मतदार यादी असते. कोण कुठला रहिवासी, हे ती ठरवते. ती बाजूला ठेवून लावलेला टक्केवारीचा अर्थ फसवा ठरतो, हे मुळशी तालुक्यातल्या मोसे खोऱ्यात, म्हणजे लवासाच्या परिसरात, फार स्पष्ट दिसतं.

लवासात घर विकत घेतलेले बहुतेक जण पुण्या-मुंबईचे किंवा त्याहून लांबचे. सुट्टीपुरतं येणाऱ्या या मालकांना तिथे मत नाही. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार हा त्या मतदारसंघातला ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. केवळ घराची मालकी पुरत नाही, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. उलट दासवे, मुगाव, धामणओहोळ या गावांतली अनेक तरुण मुलं कामासाठी पुण्याकडे किंवा मुंबईला गेलेली, पण त्यांची नावं गावच्याच यादीत आहेत. हॉटेलांत आणि पहाऱ्यावर काम करणारे मजूर वर्षभर लवासात राहतात आणि त्यांचं मत बहुधा मूळ गावी असतं. म्हणजे घर आहे पण मत नाही, मत आहे पण वास्तव्य नाही, आणि वास्तव्य आहे पण मत दुसरीकडे, असे तीन समूह एकाच खोऱ्यात आहेत.

टक्केवारी काढताना भागाकार होतो तो यादीतल्या नावांनी. शंभर नावांपैकी तीस जण बाहेरगावी असतील, तर घरी असलेला प्रत्येक जण मतदानाला आला तरी आकडा सत्तरच्या पुढे जाणार नाही. बाहेरगावचे गाडी करून आले तर तो एकदम चढेल. दोन्ही वेळी गावाची राजकीय जाण तीच असते. भोर मतदारसंघाची रचना हा गुंता वाढवते. 2008 च्या पुनर्रचनेत मुळशीचा स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि भोर, वेल्हे, मुळशी एकत्र झाले. त्या पुनर्रचनेला आधार होता 2001 च्या जनगणनेचा. मुळशीतलं तेव्हाचं हिंजवडी आणि आजचं हिंजवडी यांत किती अंतर आहे, हे सांगायला नको. संगणक अभियंत्यांची गृहसंकुलं आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या एकच आमदार निवडतात. 2024 च्या विधानसभेत मुळशीचे शंकर मांडेकर यांनी तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे यांचा पराभव केला. त्यामागे पक्षांची गणितं होतीच. पण मतदारसंघाचं वजन मुळशीकडे सरकलं, हेही त्यामागचं एक कारण असावं, असा तर्क करता येतो.

यावर आक्षेप असा की पश्चिम महाराष्ट्रात मत ठरतं ते भावकी, सहकारी संस्था आणि पुढाऱ्यांशी असलेल्या संबंधांवर. वस्तीच्या आकडेवारीला एवढं महत्त्व कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण ही नाती जुळायलाही मुक्काम लागतो. सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी, सातबाऱ्यावरची नोंद यांतून गावकऱ्याचा सत्तेशी रोजचा संबंध येतो. गृहसंकुलातल्या नव्या भाडेकरूच्या वाट्याला तो येत नाही. म्हणून कमी मतदान हा स्वभावदोष मानण्याआधी, मतामुळे आपल्या जगण्यात काय बदलतं याचा अनुभव त्या मतदाराला आहे का, हे विचारायला हवं.

लवासात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. 2008 मध्ये शासनाने लवासा कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले. ग्रामपंचायती राहिल्या, पण त्या क्षेत्रातल्या बांधकामाच्या परवानग्या कंपनीच्या हाती गेल्या. कंपनीने शहर व्यवस्थापक म्हणून एका अमेरिकी प्रशासकाची नेमणूक केली. अमेरिकेत असा अधिकारी निवडून आलेल्या नगरमंडळाला उत्तरदायी असतो. इथे तसं मंडळच नव्हतं. 2017 मध्ये ते अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले, आणि 2018 पासून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. घर घेणाऱ्यांचे पैसे अडकले, गावकऱ्यांचे जमिनीचे वाद उरले. मतपेटीतून नियोजनाचा जाब विचारता येईल अशी स्थानिक सत्ता दोघांनाही मिळाली नाही.

मग मालकांनाही मत द्यावं का? नाही. ब्रिटिश काळात मताधिकार मालमत्तेला आणि कराला जोडलेला होता. राज्यघटनेच्या कलम 326 ने तो प्रौढ नागरिकत्वाला जोडला. तिथून मागे फिरणं म्हणजे ज्याच्याकडे दोन घरं त्याला दोन मतं देणं. खरी गरज वेगळी आहे. जो मजूर लवासात राहतो त्याचं नाव तिथल्या यादीत सहज यावं, स्थलांतरितांच्या दूरस्थ मतदानाचा 2022 च्या अखेरीस पुढे आलेला आणि पक्षांच्या विरोधामुळे थांबलेला विचार पुन्हा व्हावा, आणि नवं नगर वसवताना नियोजनाचा अधिकार देण्याआधी तिथे निवडून आलेली संस्था असावी. माणसं जिथे राहतात तिथले निर्णय त्यांच्या मताने होऊ लागले, तर मतदानाचा टक्का वाढवायला जनजागृतीच्या मोहिमांवर विसंबून राहावं लागणार नाही.