सहकारी यंत्र आणि सावित्रीचे पाणी

यंत्राने माणसाऐवजी काम करावे ही आकांक्षा फार जुनी. त्याने माणसाच्या बरोबरीने काम करावे ही मात्र अर्वाचीन, आणि तिचा सुस्पष्ट उच्चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. सी. आर. लिकलायडर यांच्या १९६० सालच्या निबंधात आढळतो. स्वतःच्या कामाच्या तासांची झडती घेता, चिंतनासाठी म्हणून राखलेल्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के वेळ आकडे जमविण्यात आणि आलेख काढण्यात, म्हणजे चिंतनाच्या पूर्वतयारीतच, खर्ची पडतो असे त्यांना दिसून आले. तेव्हा ही कारकुनी यंत्राने पत्करावी आणि उद्दिष्ट ठरविण्याचा व निष्कर्षाची पारख करण्याचा अधिकार माणसाने आपल्याकडे ठेवावा, अशी वाटणी त्यांनी सुचविली.

ही वाटणी कागदावर जितकी नेटकी होती तितकी ती व्यवहारात उतरली नाही. १९९७ साली मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस या संगणक-प्रणालीत मदतनीस म्हणून पडद्यावर अवतरलेली बोलघेवडी कागदाची क्लिप कोणी न विचारता सल्ला देई आणि लोकांच्या रोषास पात्र होई. पुढे १९९९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एरिक हॉर्विट्झ यांनी असे मांडले, की यंत्राने मध्ये बोलण्यापूर्वी त्यापासून होणारा लाभ आणि माणसाला पडणारी तसदी यांचा हिशेब करावा. परंतु या साऱ्या विचारातील सर्वांत मर्मभेदी निबंध मला लिझॅन बेनब्रिज यांचा १९८३ चा वाटतो. यंत्र जितके अधिक काम अंगावर घेते तितके माणसाचे कसब गंजत जाते, आणि यंत्र हात टेकते त्या आणीबाणीच्या घटकेला नेमके तेच कसब हवे असते, हा विरोधाभास त्यांनी कारखान्यांच्या संदर्भात उघड केला.

असे कसब पाहावयाचे तर महाडच्या बाजारपेठेत यावे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपुरावरून खाली उतरते आणि महाडपाशी गांधारी नदीचे पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर घाटावर किती पाऊस कोसळला आणि खाली खाडीला भरती केव्हा, या दोहोंची सांगड घालूनच दुकानातील माल माळ्यावर चढवावयाचा की नाही ते ठरवावे लागते. आकाश आणि तिथी या दोहोंवर नजर ठेवणारे हे गणित कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते. २२ जुलै २०२१ रोजी मोठ्या भरतीची आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि महाबळेश्वरी एका अहोरात्रात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड पाण्याखाली गेले, तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही डोंगर खचला. वीज आणि मोबाइल यांनी त्या वेळी साथ सोडल्यामुळे तळियेची वार्तासुद्धा बाहेर पोहोचावयास विलंब लागला.

गूगलने २०१८ साली पाटण्याच्या परिसरात पुराचे भाकीत वर्तविणाऱ्या यंत्रणेचा प्रयोग आरंभिला, आणि आता तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणारी साधने हाताशी आली आहेत. तेव्हा महाडकरांसाठी असे एखादे साधन घडविणे अशक्य कोटीतील मुळीच नाही. मात्र ते नुसता लाल इशारा देऊन मोकळे होणारे असेल तर चार-सहा पावसाळ्यांत तिथी मोजणारे डोळे त्याच्यावर विसंबून स्वस्थ बसतील, आणि मोबाइलचा मनोरा बंद पडलेल्या रात्री त्यांच्यापाशी ना यंत्र असेल ना गणित. म्हणून इशाऱ्याबरोबर त्याने आपली कैफियतही मांडली पाहिजे: घाटावर इतका पाऊस, अमुक वाजता भरती, सबब इतके पाणी संभवते, आणि दरडीविषयी आपल्याला काही सांगता येत नाही. शिवाय त्याने विचारलेही पाहिजे. गांधारीचे पाणी कुठवर आले, वाडीमागच्या उतारावर नवी भेग दिसते काय, झरा एकाएकी गढुळला काय, ही माहिती ज्या म्हातारीच्या अंगणात आहे तिला विचारल्याखेरीज ती कोणत्याही उपग्रहाला मिळावयाची नाही.

एवढे साधले तरी एक प्रश्न उरतोच. वाडी रिकामी केली आणि इशारा खोटा ठरला, लावणीचे दोन दिवस बुडाले, तर जाब कोणाला विचारावयाचा? यंत्राला सहकारी म्हणणारे या ठिकाणी बहुधा मौन पाळतात. माझ्या मते वाडी हलविण्याचा हुकूम तहसीलदाराच्याच सहीने निघावा, आणि यंत्राने काय सांगितले व ग्रामस्थांनी काय कळविले ही दोन्ही टिपणे त्या हुकुमाला जोडलेली असावीत, म्हणजे पुढील ज्येष्ठात, नव्या पावसाच्या तोंडावर, गावाला ती पुन्हा उघडून तपासता येतील.