गप्प बसणारे आपल्यातले आहेत काय?



धर्मग्राम मंडळाच्या मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने सूचना मांडली. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे वर्षभरात एक शब्दही लिहीत नाहीत, त्यांची नावे काढून टाकावीत. “फादर, नुसते वाचून काय उपयोग? सहभाग हवा,” असे त्याचे म्हणणे. त्याने महिन्याभराचे मेसेज चाळून पाहिले होते. अर्ध्याहून अधिक मेसेज दहा-बारा जणांचेच होते. बहुसंख्य सभासदांनी साधा नमस्कारही केला नव्हता. सूचना तळमळीने केलेली होती. आम्हीही मान डोलावली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनात घोळत राहिला. माणसाने समाजात किती वेळा बोलावे? आणि जो बोलत नाही, तो त्या समाजाचा आहे की नाही? प्रश्न मोबाइलमुळे पुढे आला खरा, पण तो मोबाइलइतका नवा नाही.

आपल्या ग्रुपवर जे दिसले ते जगभर दिसते. जेकब नील्सन या संगणकतज्ज्ञाने २००६ साली एक ढोबळ नियम मांडला. इंटरनेटवरील समूहांत शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सारे लेखन उरलेल्या एकाच्या हातचे असते. प्रत्येक समूहात आकडे तंतोतंत असेच येतात असे नाही, परंतु चित्र साधारण हेच असते. त्याआधी १९९८ साली संशोधकांनी यूजनेट या चर्चामंडळांवरील वीस लाखांहून अधिक संदेश तपासले होते. सर्वांत जास्त लिहिणाऱ्या तीन टक्के लोकांनी पंचवीस टक्के संदेश लिहिले होते. ही गोष्ट अपेक्षितच होती. दुसरा आकडा मात्र विचार करायला लावणारा आहे. सत्तावीस टक्के संदेश अशा लोकांचे होते, ज्यांनी फक्त एकदाच लिहिले. एकदाच बोलणाऱ्यांचा एकत्रित वाटा सतत बोलणाऱ्यांच्या वाट्यापेक्षा मोठा निघाला! त्यांना आधीच ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकले असते, तर तो एक संदेश कधी आलाच नसता.

या बाबतीत आपले लोकमत दोन्ही बाजूंनी बोलते. उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपण म्हणतो. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असेही आपणच म्हणतो. एकाला गप्प बस म्हणायचे असले की पहिली म्हण, दुसऱ्याला पुढे ढकलायचे असले की दुसरी. म्हणींवरून निकाल लागत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अ‍ॅरिस्टॉटलचा ‘सुवर्णमध्य’ आम्हाला पाठ करावा लागे. धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये, उदारपणा हा कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मध्ये. मग बोलण्याचाही मध्य काढावा काय? दिवसाला चाळीस मेसेज जास्त आणि शून्य कमी, म्हणून वीस योग्य? असा हिशेब करू नका, असे अ‍ॅरिस्टॉटल स्वतःच बजावतो. त्याचे उदाहरण मिलो नावाच्या नामांकित मल्लाचे आहे. दहा मापे अन्न जास्त आणि दोन मापे कमी, म्हणून तालमीचा गुरू सर्वांना सरसकट सहा मापे वाढत नाही. तेवढे मिलोला अपुरे पडेल आणि नवशिक्याला अपचन होईल. मध्य शोधायचा तो त्या माणसाचा, त्या वेळेचा आणि त्या कामाचा. म्हणजे ‘किती वेळा’ या प्रश्नाला सर्वांसाठी एक आकडा नाहीच. नुसते मेसेज मोजून माणसाविषयी निर्णय देता येत नाही.

आपल्याच धर्मग्रामातील एक गोष्ट सांगतो. कुणाचे निधन झाल्याची बातमी ग्रुपवर आली की हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. त्यात एका काकांचे नाव कधीच नसते. पण मयताच्या घरी आपण पोचतो तेव्हा अंगणात बाकडी मांडलेली असतात आणि पाण्याचे पिंप भरलेले असते. ती बाकडी तेच काका आपल्या टेम्पोतून आणतात. त्या सूचनेनंतर आम्ही त्यांना सहज विचारले, “काका, तुम्ही ग्रुपवर काही लिहीत का नाही?” ते जरा संकोचले. म्हणाले, “फादर, निरोप वाचला की मी निघतो. लिहीत बसलो तर उशीर होईल.” नियमाप्रमाणे त्यांचे नाव काढले असते, तर पुढच्या मयताला बाकडी कुणी आणली असती?

ख्रिस्तसभेचा अनुभव या बाबतीत काय सांगतो, तेही पाहू. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेम येथील सभेचे वर्णन आहे. विषय मोठा होता. परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांवर मोशेच्या नियमांचे ओझे लादावे काय? खूप वादविवाद झाला, मग पेत्र बोलला. त्यानंतर सारी सभा शांत झाली आणि बर्णबा व पौल यांचे म्हणणे ऐकू लागली. शेवटी याकोब बोलला. भाषणे मोजक्यांची झाली, परंतु पुढचे पाऊल उचलताना प्रेषित आणि वडीलजनांबरोबर सारी मंडळी होती, असे संत लूक नमूद करतो. जे ऐकत होते तेही निर्णयात होते. त्यांनी ऐकले नसते, तर पौलाचे बोलणे हवेतच विरले असते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात मौनावर एक स्वतंत्र अध्याय आहे. पण त्याआधीच्या एका अध्यायात तो मठाधिपतीला सांगतो की, महत्त्वाचा प्रश्न आला की सर्वांना बोलवा, कारण पुष्कळदा परमेश्वर अधिक चांगले ते वयाने लहान असलेल्याला दाखवतो. मौन शिकवणाऱ्या या संताला सर्वांचा आवाजही हवा होता. अलीकडे ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅटिकनमध्ये सिनडची अधिवेशने झाली, तेव्हा कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती एकत्र बसले. प्रत्येकाने बोलायचे, मग सर्वांनी काही वेळ शांत राहायचे आणि त्यानंतर आपल्या मताऐवजी दुसऱ्याच्या बोलण्यातून काय उमगले ते सांगायचे, अशी तेथील पद्धत होती. आपल्या ग्रुपवर ही मधली शांतता कुठे असते? एकाचे वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याचे उत्तर तयार असते.

तर मग गप्प बसणे चांगले, असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. मौन प्रत्येक वेळी निष्पाप नसते. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे धाडण्यावर बंधन आणले. अशा अफवा पसरवणारे थोडे असतात. परंतु त्या वाचून ‘हे खरे नसावे’ असे ज्यांना वाटते आणि तरीही जे ‘आपल्याला काय करायचे?’ म्हणून मोबाइल खिशात ठेवतात, ते किती असतील? पवित्र मिस्साच्या प्रारंभी आपण पापांची कबुली देतो, तेव्हा विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेली कसूरही कबूल करतो. आळीतल्या एखाद्या मुलीविषयी ग्रुपवर वेडेवाकडे लिहिले जाते, दोनशे जण ते वाचतात आणि एकही जण ‘हे थांबवा’ म्हणत नाही, तेव्हा त्या मुलीला दोनशे जणांची संमतीच दिसते. काकांचे मौन आणि हे मौन दिसायला सारखेच. एक मौन दुसऱ्याच्या मदतीला धावते, दुसरे स्वतःचा जीव सांभाळते.

आता आमचीच एक चूक सांगतो. आपल्यातील एक गृहस्थ रोज पहाटे ग्रुपवर फुलांचे चित्र आणि एक सुविचार पाठवीत. दिवसभरात आणखी दहा-पंधरा मेसेज. अनेकांनी आमच्याकडे तक्रार केली होती आणि खरे सांगायचे तर आम्हीही ते न वाचताच पुसून टाकत असू. एके दिवशी त्यांचे मेसेज बंद झाले. आम्हाला हायसे वाटले. आठवडा गेला, महिना गेला. त्यानंतर कळले की त्यांच्या पत्नीला मोठे आजारपण आले आहे आणि ते रात्र रात्र तिच्या उशाशी बसून आहेत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “फादर, मुले परदेशी. सकाळी मेसेज टाकला की कुणीतरी उत्तर देईल, तेवढेच बोलणे होईल, असे वाटायचे.” आम्ही काय उत्तर देणार? त्यांचे मेसेज किती येतात हे आम्ही सर्वांनी मोजले होते. ते का येतात, हे कुणी विचारले नव्हते. आणि ते थांबले तेव्हा एवढ्या मोठ्या ग्रुपमधून एकाही माणसाने फोन केला नाही. धर्मगुरूनेही नाही.

त्या घरातून परतताना आम्हाला आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सतत बोलणारा आणि कधीच न बोलणारा हे दोघेही आपल्याला काहीतरी सांगत असतात. ते ऐकण्यासाठी त्यांच्या दारी जावे लागते. शंभर मेंढरांपैकी एक दिसेनासे झाले तेव्हा प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळाने उरलेल्या नव्व्याण्णवांचा आवाज मोजला नाही. जे कमी आहे त्याच्या शोधात तो निघाला.

म्हणून बंधुभगिनींनो, पुढच्या बैठकीत आम्ही मंडळाला विनंती करणार आहोत की कुणाचेही नाव काढू नये. सूचना मांडणाऱ्या तरुणाशीही आम्ही बोललो आहोत. त्याची तळमळ आम्हाला हवी आहे. त्याने आता वेगळी यादी करायला घेतली आहे: जे पूर्वी लिहीत असत आणि आता लिहीत नाहीत, अशांची. ती हातात आली की आपण मिळून एकेका घरी जाऊ.

दरम्यान आपण प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहू. आपण वारंवार लिहीत असू, तर आपल्या लिहिण्यामुळे दुसऱ्याला बोलायला जागा उरते काय? आपण कधीच लिहीत नसू, तर ज्या दिवशी एका शब्दाची गरज होती त्या दिवशी तरी तो आपण उच्चारला काय? आणि आपल्या आळीतला कोण बरेच दिवस गप्प आहे? त्याचे नाव आठवले, तर आज मिस्सानंतर घरी जाताना त्याच्या दारावरून जा. मेसेज पाठवू नका, आत जाऊन बसा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू