शरीराची अमानत : अल्लाहच्या रचनेत बदल की व्याधीवर उपचार?



समस्त स्तुती अल्लाहसाठीच आहे, ज्याने मानवाला सर्वोत्तम घडणीत निर्माण केले आणि त्याच्या शरीराची अमानत त्याच्याच हाती सोपविली. दुरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी आपल्याला आत्म्याच्या शुद्धीबरोबर शरीराचे हक्कही शिकविले.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एका भगिनीने एक प्रश्न विचारला आहे. प्रश्न तिचा एकटीचा नाही, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर मांडणे योग्य वाटते. बाळंतपणांनंतर तिचे वजन वाढत गेले आणि ११६ किलोपर्यंत पोहोचले. मधुमेह जडला, गुडघे धरले, नमाज खुर्चीवर आली. मग तिने निश्चय केला. दोन-अडीच वर्षे तिने जिभेला आवर घातला, फजरच्या नमाजनंतर नित्यनेमाने चालली, आणि अल्लाहच्या कृपेने तिचे वजन ७१ किलोवर आले. साखर आटोक्यात आली, गुडघे वाकू लागले आणि कित्येक वर्षांनी तिचे कपाळ जमिनीला टेकले.

परंतु चरबी गेली तरी कातडी राहिली. पोटाची सैल कातडी मांड्यांवर पदरासारखी लोंबते. तिच्या घडीखाली घाम साचतो, बुरशी येते, चट्टे पडून पाणी सुटते, कधी रक्तही येते. कपडे डागाळतात, वुजूविषयी मनात शंका येते, गुस्ल करताना घडीच्या आत पाणी पोहोचविण्यासाठी जखमेला हात लावावा लागतो. डॉक्टरांनी ही कातडी शस्त्रक्रियेने काढण्याचा सल्ला दिला, ज्याला लोक ‘टमी टक’ म्हणतात. घरातील वडीलधारी म्हणाली, ‘‘अल्लाहने दिलेले शरीर कापून घेणे हराम आहे.’’ शेजारची एक स्त्री हसून म्हणाली, ‘‘आता हिला सिनेमात जायचे असेल.’’ त्या भगिनीने विचारले आहे : ‘‘मी ही शस्त्रक्रिया केली, तर अल्लाहच्या रचनेत बदल करणाऱ्यांत माझी गणना होईल का?’’

हा प्रश्न विचारणाऱ्या अंतःकरणात ईशभय आहे, ही पहिली गोष्ट ओळखावी. वैद्याने सांगितले तरी आधी आपल्या रबची मर्जी विचारणारी ही दासी आहे. तिला घाईने ‘हराम’ म्हणून गप्प करणे हा अन्याय आहे, आणि ‘आजकाल सगळेच करतात’ म्हणून मोकळे होणे हाही तिच्या प्रश्नाचा अपमान आहे.

प्रथम व्याधी समजून घेऊ. माणसाची त्वचा ताणली जाते, तशी ती परत आवळली जाण्याची शक्तीही अल्लाहने तिच्यात ठेवली आहे. परंतु वर्षानुवर्षे अतिशय ताण राहिला की त्वचेतील लवचीक तंतू तुटतात. मग वजन उतरले तरी ती पूर्ववत होत नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतात, पण लोंबणारी कातडी आखडत नाही, कोणत्याही तेला-लेपाने तर नाहीच. यावर दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया आहेत. एकीत फक्त लोंबणारी कातडी व तिच्याखालची चरबी काढतात. दुसरीत त्याशिवाय पोटाचे फाकलेले स्नायूही शिवून जवळ आणतात व बेंबी नव्या जागी बसवितात. ‘टमी टक’ हे नाव खरे तर या दुसरीचे आहे.

आता आक्षेपाकडे वळू. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये शैतानाच्या प्रतिज्ञेचा उल्लेख आहे की तो माणसांना बहकवील, ती जनावरांचे कान चिरतील आणि अल्लाहच्या रचनेत फेरफार करतील. अनेकांच्या मनात भीती बसते ती येथूनच, आणि ही भीती निराधार नाही. परंतु संदर्भ पाहावा. कान चिरण्याची ती रूढी अज्ञानकाळातील अनेकेश्वरवादी लोकांची होती. देवतांच्या नावे जनावर सोडल्याची ती खूण असे. काही भाष्यकारांनी तर येथे ‘रचना’ याचा अर्थ अल्लाहने माणसाला दिलेला मूळ नैसर्गिक धर्म असा घेतला आहे. शरीराला सुरी लावणे हेच जर रचनेत बदल करणे असते, तर खतना करण्याची शिकवण मिळाली नसती आणि रोग्याला औषधोपचार करण्याची आज्ञाही झाली नसती.

दुसरा आधार हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसचा दिला जातो. तीत गोंदवून घेणाऱ्या आणि दातांमध्ये फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा निषेध आला आहे. पण त्याच हदीसमध्ये कारणही आले आहे : हे सर्व सौंदर्याच्या हौसेसाठी केले जात होते. इमाम नववी (रह.) यांनी या शब्दाकडे लक्ष वेधून लिहिले आहे की उपचारासाठी किंवा दातातील दोषामुळे असे करावे लागले तर त्यात हरकत नाही. धडधाकट अंगाला हौसेपोटी बदलणे निराळे आणि बिघडलेले अंग दुरुस्त करणे निराळे.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचा आहे. इस्लामपूर्व काळातील एका लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य आहे हे आपण जाणतो. तरीही एका माणसाला त्याच्या व्यंगाच्या आणि दुर्गंधीच्या त्रासातून सोडविण्यासाठी सोन्याची परवानगी मिळाली. चांदीचे नाक दिसत होतेच. पण ज्या वस्तूमुळे माणसाला चारचौघांत बसणे अवघड होते, तो त्रास शरीअतने क्षुल्लक मानला नाही.

नाकाचीच गोष्ट निघाली म्हणून आपल्या महाराष्ट्रातील एक दाखला सांगतो. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठी मुलखातील बैलगाडीवान कैदी झाला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्यात एका देशी शल्यकाराने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचे नवे नाक घडविले. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात चित्रासह छापला गेला आणि युरोपातील शल्यविद्येला त्यातून नवी दिशा मिळाली. आज ज्या विद्येला आपण ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हणून परकी व चैनीची समजतो, तिचे मूळ नटण्यात नाही, तर जखमी माणसाला पुन्हा माणसांत उभे करण्यात आहे.

आधुनिक काळातील आलिमांनीही या प्रश्नाचा सामूहिक विचार केला आहे. इस्लामी सहकार्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने जुलै २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या आपल्या १८ व्या अधिवेशनात याविषयी ठराव केला. त्याचा आशय असा : जन्मजात व्यंग, अपघात, भाजणे वा रोग यांमुळे आलेला दोष दूर करणे, अवयवाचे कार्य पूर्ववत करणे, तसेच ज्या विद्रूपतेमुळे शारीरिक वा मानसिक इजा होते ती दूर करणे वैध आहे. निव्वळ वासनेपोटी वा इतरांच्या अनुकरणासाठी रूप बदलणे मात्र वैध नाही. आपल्या देशातील विमा नियामकाने २०१९ मध्ये आखून दिलेल्या नियमांतही असाच भेद दिसतो : सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळली जाते, परंतु वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले तर ती वगळली जात नाही. गरज आणि हौस यांतील रेषा सर्वसामान्य बुद्धीलाही दिसते, ती अशी.

तेव्हा त्या भगिनीला आमचे उत्तर असे : जिच्या घडीखाली जखमा होतात, जिचे चालणे, स्वच्छता आणि इबादत अडते, तिने विश्वासू वैद्याच्या सल्ल्याने ही कातडी काढणे हा उपचार आहे. यात अल्लाहच्या रचनेचा अवमान नाही. रोगाने जे विस्कटले ते सावरण्याचा हा प्रयत्न आहे. आरशात स्वतःला पाहून समाधान वाटावे, पतीला बरे वाटावे, ही इच्छा सोबत असली म्हणून नियत बिघडत नाही. चांगले कपडे आवडणाऱ्या माणसाविषयी प्रेषितांना (स.) विचारण्यात आले, तेव्हा त्यांनी सांगितले की अल्लाहला सौंदर्य प्रिय आहे, सत्य नाकारणे व लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार.

पण प्रिय वाचकहो, हे उत्तर प्रत्येकाला सरसकट लागू पडत नाही. ज्याच्या शरीराला काही इजा नाही, ज्याला फक्त पडद्यावरील देहासारखा देह हवा आहे, त्याने या उत्तराची ढाल करू नये. त्याची नियत मुफ्तींना दिसणार नाही, डॉक्टरांनाही दिसणार नाही. ती अल्लाहला दिसते. म्हणून निर्णयापूर्वी प्रत्येकाने एकांतात स्वतःला विचारावे : हे कोणी पाहणार नसते, तरीही मला याची गरज वाटली असती का?

गरज असली तरी घाई नको. कुरआनने स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे, आणि ही शस्त्रक्रिया किरकोळ नाही. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कायमचा व्रण राहतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखमेत पाणी साचणे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे धोके खरे आहेत. म्हणून वजन किमान सहा महिने स्थिर राहिलेले असावे. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावे. रक्तातील लोह व प्रथिने तपासून घ्यावीत. तंबाखू-धूम्रपान कित्येक आठवडे आधी सोडावे, कारण त्याने जखम कुजते. खरे तर ते कायमचे सोडण्याची ही संधी आहे. पुढे मूल हवे असेल तर ही शस्त्रक्रिया त्यानंतर करावी. आणि व्याजाच्या कर्जावर ती करू नये. थांबता येत असेल तर पैसा जमेपर्यंत मलम, कोरडेपणा व पट्टा यांवर निभवावे. एका ओझ्यातून सुटताना मानेवर दुसरे ओझे घेण्यात शहाणपण नाही. आधी इस्तिखारा करावा, पतीशी व घरच्यांशी मसलत करावी, मग पाऊल टाकावे.

इबादतीविषयी काही गोष्टी. स्त्री शल्यविशारद मिळत असेल तर तिलाच प्राधान्य द्यावे. न मिळाल्यास गरजेपुरती सूट आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वाकता येत नाही. अशा वेळी बसून, इशाऱ्याने नमाज अदा करावी. सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक खाली असावा. बसवत नसेल तर पडून. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना प्रेषितांनी (स.) त्यांना हाच क्रम शिकविला होता. गुस्लच्या वेळी पट्टीवर ओला हात फिरविणे पुरेसे आहे. जखमेतून सतत पाणी येत असेल तर अशा रुग्णासाठी वुजूचे सवलतीचे नियम आहेत, ते आपल्या मोहल्ल्यातील आलिमांकडून समजून घ्यावेत. बेशुद्धीच्या औषधामुळे एखादी नमाज सुटली तर तिची कजा करावी.

आता थोडे आपल्या सर्वांविषयी. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. आपल्या दावतींत बिर्याणीवर मिठाई आणि मिठाईवर पुन्हा आग्रह असतो. पाहुण्याने नको म्हटले की आपल्याला अपमान वाटतो. प्रेषितांची (स.) शिकवण अशी की पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी असावा. आपण श्वासाचा भागही अन्नाला देतो, आणि मग जो लठ्ठ झाला त्यालाच हसतो. तो चालायला लागला की हसतो, बारीक झाला की ‘आजारी दिसतोस’ म्हणतो, आणि उपचाराला गेला की फतवा देतो.

लठ्ठपणा दर वेळी खादाडपणातून येतो, असेही नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद या सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेला मुंबईच्या सैफी रुग्णालयात उपचारासाठी आणले होते. लहानपणापासून जडलेल्या व्याधीमुळे त्या कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांच्यावर दया करो. त्यांच्या देहाकडे जगाने कुतूहलाने पाहिले. त्यांची परीक्षा किती कठीण होती, हे त्यांचा रबच जाणतो.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पोटऱ्या फार बारीक होत्या. एकदा ते झाडावर चढले असता वाऱ्याने वस्त्र हलले आणि त्या पाहून काही लोक हसले. प्रेषितांनी (स.) सांगितले की कयामतच्या दिवशी तराजूत हे पाय उहुद पर्वताहूनही वजनदार भरतील. आणि हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाविषयी एक शब्द निघाला, तेव्हा त्यांनी बजावले की हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्रही गढूळ होईल. ज्यांच्या तोंडून तो निघाला त्या आपल्या सर्वांच्या माता हजरत आएशा (रजि.) होत्या, मग आपल्या जिभेचे काय?

म्हणून त्या भगिनीला सांगावेसे वाटते : तू ४५ किलोचे ओझे संयमाने उतरविलेस, ही स्वतः एक इबादत आहे. जे उरले ते उतरविण्यात तुझ्यावर दोष नाही. आणि जे तिला हसले त्यांना सांगावेसे वाटते : तिच्या कातडीवर शस्त्रक्रिया होऊ शकते, तुमच्या शब्दांनी तिच्या मनावर पडलेल्या घड्या मात्र कोणताही शल्यविशारद काढू शकणार नाही. त्यासाठी तिच्या दारात जाऊन माफी मागावी लागेल.

हे अल्लाह, आमच्या रुग्णांना शिफा दे, आमच्या वैद्यांच्या हातांना यश दे, आमच्या नियती शुद्ध कर, आणि ज्या दिवशी देहांचे नव्हे तर कर्मांचे वजन होईल, त्या दिवशी आमचे पारडे जड कर. आमीन.