पुढच्या भाडेकरूसाठी

भाड्याचं घर सोडायची तारीख ठरली की आधी हिशेब सुरू होतात. डिपॉझिट कधी मिळणार, रंगाचे किती कापणार, टेम्पो कितीला पडणार. महाराष्ट्रात या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. मुदत संपूनही घर रिकामं केलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करारात पंखे, ट्यूबलाइट, गिझर यांची यादीही असते आणि किल्ल्या परत देताना ती एकेक करून तपासली जाते. तपासावीच.

पण घराबद्दल जे खरं कळायला हवं, ते या यादीत कधीच नसतं. पाणी पहाटे किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं. पावसाचा मारा पश्चिमेकडून आला की कोणत्या खिडकीच्या चौकटीतून पाणी थेट पलंगापर्यंत येतं. बाथरूमचा कोणता नळ अर्धाच फिरवायचा. गिझर आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की वीज जाते, मग खालच्या मीटरच्या खोलीत कोणतं बटण वर करायचं. शेजारच्या आजी आजारी असतात, म्हणून दुपारी भिंतीत खिळे ठोकायचे नाहीत.

मालक पुष्कळदा दुसऱ्या गावी असतात, काही परदेशात. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटमध्ये त्यांनी एकही पावसाळा काढलेला नसतो. घर कळलेलं असतं ते भाडेकरूला, आणि नेमका तोच निघालेला असतो. पूर्वी चाळीत किंवा वाड्यात नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण पहिल्याच दिवशी सगळं सांगून जायची. आता समोरचं दार बंद असतं. मग नवं कुटुंब गाद्या भिजवून, आंघोळी खोळंबवून, नोकरीला उशीर करून तेच सगळं नव्याने शिकतं. अकरा महिन्यांच्या करारांवर चालणाऱ्या आपल्या शहरांत किती घरांत हे पुन्हा पुन्हा होत असेल, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

वीजबिल भरणं, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढणं, गॅसचा आणि बँकेचा पत्ता बदलणं ही आपल्या सोयीची कामं. ती आपण करतोच. त्यांच्या जोडीला एक काम अनोळखी माणसासाठी करा. वह्या-पेनं खोक्यात जाण्याआधी एक कागद घ्या आणि या घराने तुम्हाला जे शिकवलं ते लिहून काढा. प्लंबरची परवानगी घेऊन त्याचा नंबरही लिहा. कागद ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि मालकांना एक विनंती: रंगकाम करून घेताना तो कागद तेवढा फाडू देऊ नका.