बेथेलचा रुदनवृक्ष

शोकाकुल माणसास ‘आशा धरा’ असें सांगणें फार सोपें आहे; परंतु ज्याच्या घरांतील एक जागा कायमची रिकामी झाली, त्यास हा उपदेश पुष्कळदां अपमानासारखा वाटतो. आशा धरावयाची म्हणजे गेलेल्यास विसरावयाचें काय? आणि विसरावयाचें नसेल, तर मनांत आशेस जागा उरते कोठें? ख्रिस्ती श्रद्धेनें या प्रश्नास दिलेलें उत्तर जालन्याजवळच्या एका वस्तीच्या नांवांतच दडलेलें आहे.

रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं गेल्याच्या मागच्या शतकांत, जालना निजामाच्या राज्यांत असतां, ही ख्रिस्ती वस्ती वसविली व तिचें नांव ‘बेथेल’ ठेविलें. या ब्राह्मण तरुणानें १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अल्पवयीन म्हणून न्यायालयानें त्यास वडिलांच्या स्वाधीन केलें. त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मोठा वाद माजला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. बापास एक मुलगा परत मिळाला. दुसरा जिवंत असून दुरावला. येथें श्रद्धेनें शोक टाळला नाहीं; उलट दोन्ही बाजूंवर तो ओढवून आणिला. हें विसरून श्रद्धेची थोरवी गाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

बेथेल म्हणजे देवाचें घर. घर सोडून निघालेल्या याकोबानें उघड्यावर धोंडा उशाशीं घेऊन रात्र काढिली. स्वप्नांत स्वर्गास टेकलेली शिडी पाहिली. आणि सकाळीं तोच धोंडा स्तंभ म्हणून उभा केला. ही कथा अनेकांस ठाऊक आहे, परंतु तिचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाहीं. पुष्कळ वर्षांनीं याकोब तेथें परत आला, तेव्हां त्याच्या आईची दाई दबोरा वारली. बेथेलच्या खालच्या बाजूस एका झाडाखालीं तिला पुरलें, व त्या झाडास रुदनवृक्ष असें नांव पडलें. देवाच्या घराचें वर्णन करितांना शास्त्रकारानें हें झाड वगळलें नाहीं.

लाजराच्या कबरेपाशीं येशू रडला, त्याचाही अर्थ हाच. ज्यास आतांच उठवावयाचें, त्याच्यासाठीं रडावें कां? पुढचें सर्व ठाऊक असलें, तरी आजची वेदना खोटी ठरत नाहीं म्हणून. पुनरुत्थानानंतरही ख्रिस्ताच्या हातांवरचे खिळ्यांचे वण राहिलेच.

कोणी म्हणेल, ही केवळ दुःखी मनानें करून घेतलेली समजूत आहे. परलोकाविषयीं तर्कानें वाद मिटणार नाहीं. पण या आशेनें माणूस इहलोकीं काय करितो, हें पाहतां येतें. पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या. तरी बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं हातावेगळें केलें, आणि १९२२ च्या एप्रिलांत त्यांनीं देह ठेविला. त्या कन्येस विसरल्या होत्या, असें कोण म्हणेल?

रात्रीं उशाशीं टोचणारा धोंडा सकाळीं उभा करावयाचा, तो ज्याचा त्यानेंच, आणि त्याची सकाळ होईल तेव्हां. तोंवर शेजाऱ्यानें उपदेश आवरावा, आणि त्या झाडाखालीं त्याच्याजवळ निमूटपणें बसावें.