पत्त्यावरचे चित्र आणि समोरचा माणूस

कथेतील माणसांना ठरावीक साच्यांत बसवून पाहण्याची हौस जुनीच आहे. अलीकडे तिने एक नवे रूप घेतले आहे. हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झाल्या. त्यांचे मराठी अनुवाद आपल्याच प्रांताच्या राजधानीतून, भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसकडून निघाले. या मालिकेच्या वाचकांत पात्रांना टॅरोच्या पत्त्यांशी जुळवून पाहण्याचा छंद आहे. कंदील हाती घेतलेला एकांतवासी तपस्वी म्हणजे डम्बलडोर. कड्याच्या टोकाशी निश्चिंत उभा असलेला भोळा म्हणजे पहिल्या भागातला हॅरी. वीज पडून ढासळणारा बुरूज म्हणजे सहाव्या भागाची अखेर. त्या भागातील एका प्रकरणाला लेखिकेनेच वीज पडलेल्या बुरुजाचे नाव दिले आहे. तेव्हा हा छंद अगदीच निराधार म्हणता येत नाही. खेळ म्हणून त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. त्यातून उद्भवणारा प्रश्न मात्र खेळापुरता राहत नाही. माणसाला एखाद्या आद्यप्रतिमेचे नाव दिले म्हणजे तो आपल्याला अधिक कळतो, की त्याला समजून घेण्याचे कष्ट आपण तेथेच थांबवतो?

प्रथम पत्त्यांविषयी. टॅरोचा जोड ७८ पानांचा. त्यांतील २२ पाने चित्रप्रतिमांची, उरलेली ५६ चार रंगांची. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही पाने निघाली ती खेळण्यासाठी. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने त्यांत प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान असल्याचे प्रतिपादन केले आणि तेव्हापासून भविष्यकथनाकडे त्यांचा ओढा वाढला. आज सर्वत्र दिसणारी चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची, १९०९ सालची. म्हणजे पाने आधी आली आणि गूढार्थ तीन शतकांनी त्यांच्यावर चढला.

आपल्याकडे याला जवळचे उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे. गोल, हाताने रंगवलेली ही पाने. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. या खेळाचे दोन नियम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतात. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने आरंभ करायचा; रात्री मांडला तर तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. दुसरा नियम असा की पाच रंगांत प्रधानाखालोखाल दहाचे पान श्रेष्ठ, तर उरलेल्या पाच रंगांत एकाचे. अवताराचे चित्र स्थिर आहे, परंतु त्याचे मोल वेळेवर आणि संगतीवर अवलंबून आहे. खेळ रचणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो. ज्या समाजाने प्रतिमांना इतके पूजले, त्यानेच त्या प्रतिमांना खेळात एवढे सापेक्ष ठेवले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता साच्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. आपल्या घरांत पत्त्यांवाचूनच ही जुळवाजुळव चालत आली आहे. धाकट्या भावंडांसाठी अविवाहित राहिलेल्या काकांना भीष्म म्हटले की एका शब्दात एक आयुष्य उभे राहते. दुःखाला नाव मिळते, आणि आपल्यापूर्वीही कोणी हे सोसले आहे एवढे कळले तरी धीर येतो. प्रतिमा नसत्या तर प्रत्येक माणसाला आपली व्यथा पहिल्यापासून शोधावी लागली असती. हा आधार लहान नव्हे.

पण त्याच घरांत एखाद्या सुनेला कैकेयी हे नाव पडते आणि तीस वर्षे सुटत नाही. पुढे ती सासूची सेवा करो की दिरांची मुले वाढवो, तिच्या प्रत्येक कृतीत वर मागणाऱ्या राणीचा हेतू शोधला जातो. भीष्म ठरलेल्या काकांचीही गत फारशी निराळी नसते; त्यांना कधी स्वतःसाठी काही हवे असेल, ही कल्पनाच घरातून नाहीशी होते. निंदेच्या प्रतिमेइतकीच गौरवाची प्रतिमाही माणसाला जखडू शकते.

हॅरी पॉटरच्या मालिकेत याचा उत्तम पडताळा स्नेप या शिक्षकाच्या पात्रात येतो. पहिल्या भागाचा वाचक त्याला नि:शंकपणे सैतानाचे पान देईल. सातवा भाग मिटल्यावर तोच वाचक एका पायाने उलटा टांगलेल्या, तरीही शांत मुद्रेच्या माणसाचे पान शोधू लागतो. कारण ज्याला तो दुष्ट समजत होता, त्याने एक जुने प्रेम जपत आयुष्यभर लोकांचा तिरस्कार मुकाट्याने सोसलेला असतो. येथे माणूस बदलला नाही. पान बदलावे लागले. आणि खरे सांगायचे तर दुसरे पानही त्याला पुरत नाही, कारण दुबळ्या मुलांशी तो अखेरपर्यंत कठोरच वागतो. मराठी वाचकाला हा अनुभव कर्णाच्या बाबतीत आलेला आहे. १९६७ साली शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला एक उदात्त पान दिले, त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आले आणि त्यातील कर्णावरील लेखाला बाईंनी ‘मी कोण?’ असे प्रश्नार्थक नाव दिले. आमच्या मते मोठे लेखन पानाच्या जागी असा प्रश्न ठेवते.

त्याच मालिकेत भविष्याचाही विचार आहे. एका भाकितात वर्णिलेला मुलगा हॅरी असू शकतो, तसाच नेव्हिलही. व्होल्डेमॉर्ट त्यांतील एकाला निवडून त्याच्यावर घाव घालतो आणि त्या घावानेच भाकितातला माणूस घडवतो. आपणही मुलांना ‘हा आळशी कुंभकर्ण’ किंवा ‘ही अगदी कजाग’ असे म्हणतो तेव्हा वर्णन करीत आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण पान वाटत असतो. ज्याच्या हाती वाटण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर म्हणूनच अधिक जबाबदारी येते.

झाडीपट्टीच्या दंडारीत गावातलाच माणूस रात्रभर राजाचे किंवा राक्षसाचे सोंग घेतो. पहाटे रंग धुतला की तो पुन्हा शेतावर जातो, आणि त्याला राक्षस म्हणून कोणी कर्ज नाकारत नाही. सोंग आणि माणूस यांतील हे अंतर आपल्या लोकपरंपरेने सहज जपले. प्रतिमा जितकी उतरवता येण्याजोगी, तितकी ती निर्दोष, असा यातला धडा आम्ही घेतो.

हा विचार हट्टा-बालाघाटकडील आपल्या जुन्या मराठी कुटुंबांनी स्वतःलाही लावून पाहावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. हट्टा रोडला गाडीत बसले की थोड्याच वेळात गोंदिया येते. तरी तेव्हापासून आपल्यातील अनेकांनी वनवासाचे, मागे राहिलेल्याचे पान छातीशी धरले आहे. त्यात तथ्य आहे, व्यथाही आहे. परंतु रामाचा वनवास चौदा वर्षांनी संपला. येथे पिढ्या जन्मल्या, विहिरी खणल्या गेल्या, लेकी-सुना नांदल्या. ज्या भूमीने एवढे दिले तिला वनवास म्हणणे तिच्यावरही अन्याय आहे. आणि शेजारच्या गोंड, पोवार, लोधी बांधवांना आपण पिढ्यान्‌पिढ्या कोणती पाने वाटली, हे तर आपण क्वचितच विचारतो.

प्रतिमा टाकून देता येणार नाहीत; त्यांच्यावाचून आपल्याला एकमेकांविषयी बोलताही येणार नाही. मात्र गंजिफेचा जाणता खेळाडू पान खाली टाकण्यापूर्वी वेळ कोणती आणि रंग कोणता हे पाहतो. माणसाला नाव देण्यापूर्वी आपण किमान एवढे थांबावे, आणि दिलेले नाव परत घेण्याची तयारी ठेवावी. ज्याच्याविषयी आपले मत अद्याप बदलू शकते, त्याच्याशीच आपले नाते जिवंत असते.