जेवणाची सुट्टी कोणाला?



भर दुपारी आपल्या दारात पार्सल किंवा गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस जेवला आहे का, हे आपण त्याला क्वचितच विचारतो. जेवायचे की नाही, हे ज्याचे त्याने बघावे असे आपण धरून चालतो. पण ही बाब खरोखर त्याच्या एकट्याची आहे का? कामाच्या मध्ये भाकर खायला मिळणारा अर्धा तास हा माणसाचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी आहे, की ज्याला परवडते त्याची चैन आहे? या रविवारी या प्रश्नावर थोडे चिंतन करू या.

हा अर्धा तास आपोआप मिळालेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारी आयोगापुढे अर्ज ठेवला. मागण्या अगदी साध्या होत्या: आठवड्यातून रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने कारखान्यात दुपारचा अर्धा तास सक्तीचा झाला. आज कष्टकरी माणूस रविवारी मिस्साला येऊ शकतो, त्यात लोखंडे यांच्या लढ्याचाही वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर हा नियम कारखान्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावरही आला. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सांगितले की चालकाकडून दिवसाला साधारणपणे आठ तास काम घ्यावे आणि सलग पाच तासांच्या आत त्याला निदान अर्धा तास विश्रांती द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांत सामावला गेला. म्हणजे विश्रांतीचे तत्त्व गेली साठ-पासष्ट वर्षे कागदावर आहे. प्रश्न आहे तो रस्त्यावरचा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातून सोलापूर–धुळे आणि सोलापूर–हैदराबाद हे दोन मोठे महामार्ग जातात. तुळजापूर, येडशी, नळदुर्ग, उमरगा या गावांवरून रात्रंदिवस मालाच्या गाड्या धावतात. भूम-परंड्याकडून दुधाच्या आणि खव्याच्या गाड्या निघतात. एस.टी.च्या चालकाची ड्यूटी कागदावर लिहिलेली असते, त्याला आगार असते, नोंद ठेवणारा कंट्रोलर असतो. कारखान्यातल्या कामगाराला भोंगा असतो. पण टेम्पोचालकाला ना भोंगा, ना फाटक, ना हजेरीपट. गाडीची कागदपत्रे तपासली जातात, मालाचे वजन तपासले जाते. चालक केव्हा जेवला, हे कोण तपासणार?

त्यातही सगळे चालक कायद्याच्या एकाच छताखाली कधी नव्हते. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन संस्थांसाठी होता. तीन टेम्पोंच्या मालकाकडे काम करणारा त्याच्या बाहेरच राहिला. स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेल्याचा तर प्रश्नच नाही. आणि मोबाइलवर ऑर्डर घेऊन मोटारसायकलवर घरोघरी जाणाऱ्या मुलाला कंपनी कामगार म्हणतच नाही, ‘भागीदार’ म्हणते. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना कायद्यात प्रथमच नाव दिले आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असे ठरवले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु जेवणाच्या अर्ध्या तासाविषयी ती संहिता काही सांगत नाही. भूक सर्वांची सारखी, पण सुट्टी मात्र माणूस कोणत्या रकान्यात बसतो त्यावर ठरते.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: “त्याला कोणी अडवले आहे? त्याने थांबावे, जेवावे. तोच पैशासाठी थांबत नाही.” या उत्तरात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण जरा खोलात जाऊ या. समजा, एका गावात दहा जण पार्सल वाटतात आणि प्रत्येक पार्सलमागे पैसे मिळतात. एकाने जेवण टाळले आणि चार पार्सले जास्त वाटली. उद्या दुसऱ्यालाही तेच करावे लागते, परवा तिसऱ्याला. महिन्याभरात दहाही जण उपाशी धावू लागतात आणि कोणीच कोणाच्या पुढे गेलेला नसतो. मग त्यातल्या कोणा एकाने आपण होऊन जेवण सोडले असे म्हणता येईल का? भोंग्याचे महत्त्व इथे कळते. तो सर्वांसाठी एकाच वेळी वाजतो, म्हणून जेवायला बसणाऱ्याचे नुकसान होत नाही. सर्वांना सारखा लागू होणारा नियम माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, तो त्याला घास गिळण्याचे स्वातंत्र्य देतो.

मालकांचेही तेच आहे. एखादा मालक प्रामाणिकपणे चालकाला थांबू देतो आणि दुसरा देत नाही. तपासणी कोणाचीच होत नसेल, तर माल लवकर पोहोचवणाऱ्या दुसऱ्यालाच पुढचे भाडे मिळते. म्हणजे नियम पाळणाऱ्याला दंड आणि मोडणाऱ्याला बक्षीस! कायदा ही सर्वांच्या हितासाठी बुद्धीने केलेली व्यवस्था आहे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. जो नियम काहींनाच बांधतो आणि पाळणाऱ्यालाच मागे टाकतो, तो हे हित साधत नाही. अशा अर्धवट अमलाला अर्धा न्याय म्हणून समाधान मानता येणार नाही.

मुंबईत दुपारचा अर्धा तास सक्तीचा झाला त्याच १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीविषयी आपले प्रसिद्ध विश्वपत्र काढले. मालक आणि कामगार यांच्यात कोणताही करार झाला तरी देहाच्या आणि आत्म्याच्या विश्रांतीची अट त्यात गृहीतच असते, असे त्यांनी सांगितले. कामगाराने ‘हो’ म्हटले म्हणून ही अट रद्द होत नाही. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच शिकवणुकीची आठवण दिली.

“दूध नासेल, खवा खराब होईल, मग कसे थांबायचे?” ही अडचण खरी आहे. पण घड्याळाच्या ठोक्याला एक वाजताच जेवावे, असे कोणी म्हणत नाही. डेअरीवर दूध उतरवल्यानंतर थांबता येते. विश्रांतीची वेळ मागेपुढे होऊ शकते. ती नाहीशी होता कामा नये. शिवाय पोटात अन्न नसलेला, डोळ्यांवर झापड आलेला चालक एकटाच धोक्यात नसतो. समोरून सायकलवर येणारे शाळकरी मूलही धोक्यात असते.

मार्कलिखित शुभवर्तमानात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत शिष्यांना जेवायलाही सवड होत नव्हती, तेव्हा प्रभू येशूने त्यांना एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितले. सुवार्तेच्या कामापेक्षा मोठे काम कोणते? तरीही प्रभूने त्यांची भूक पाहिली. थकून झुडपाखाली पडलेल्या एलियालाही देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, पुढचा लांबचा प्रवास नंतर आला.

कायद्याचा अमल सरकारने करावा, तशी मागणी आपण नागरिक म्हणून करावी. पण काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. आपल्यापैकी ज्यांच्याकडे टेम्पो किंवा पिकअप आहे, त्यांनी चालकाच्या जेवणाची वेळ भाडे घेतानाच धरावी. त्या अर्ध्या तासात त्याला फोन करू नये आणि त्याचे पैसे कापू नयेत. ज्यांच्या घरी पार्सल येते, त्यांनी उशीर झाला म्हणून लगेच तक्रार करू नये. पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि सावलीत बसायला सांगावे. आणि मुलांना सांगावे की हा माणूसही कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी भाऊ आहे.

आज दुपारी आपण कुटुंबासह जेवायला बसाल, तेव्हा ताटावर प्रार्थना करताना रस्त्यावर असलेल्यांची आठवण ठेवा. आपली रोजची भाकर आपण देवाकडे ‘आम्हाला’ म्हणून मागतो, ‘मला’ म्हणून नाही.

आपले,
धर्मगुरू